जमिनीवरच्या पूलला विनाइल लायनर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती जमिनीवर उभ्या केलेल्या, पत्र्याची भिंत असलेल्या गोल किंवा लंबगोल पूलसाठी आहे. हवा भरून फुगवायच्या किंवा पाइपच्या सांगाड्यावर ताणलेल्या पूलमध्ये भिंत आणि तळ एकाच कापडाचे असतात, त्यामुळे तिथे वेगळा लायनर, म्हणजे पाणी धरणारं आतलं विनाइलचं अस्तर, बसवायचा प्रश्न येत नाही.

लायनर तर अगदी पातळ दिसतो. एवढ्या पाण्याचा भार तो पेलतो का?

नाही, आणि त्याने तो पेलायचाही नसतो. साडेचार मीटर व्यासाच्या पूलमध्ये १.१ मीटर पाणी भरलं की साधारण साडेसतरा हजार लिटर, म्हणजे साडेसतरा टन वजन होतं. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अकराशे किलो. हा सगळा भार खालची जमीन आणि बाजूची भिंत पेलते. लायनर म्हणजे नुसती कातडी: पाणी आत धरायचं, बाकी काही नाही. पण या कातडीच्या मागे जिथे आधार नसेल तिथे पाणी तिला आत ढकलत राहतं. भिंतीच्या बुडाशी फट असो, वाळूत खड्डा असो की गंजून पडलेलं भोक असो, लायनर तिथे ताणला जातो आणि शेवटी तिथेच फाटतो. म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांत लायनरपेक्षा त्याच्या मागच्या आणि खालच्या गोष्टींबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

ओव्हरलॅप, बीड, जे-हुक, युनिबीड: यातलं माझ्या पूलला कोणतं?

आधी आहे तो लायनर भिंतीच्या वरच्या कडेला कसा धरला आहे ते बघा. कापड भिंतीवरून बाहेर दुमडून त्यावर प्लास्टिकची पट्टी दाबली असेल तर तो ओव्हरलॅप. भिंतीच्या माथ्यावर एक खाच बसवलेली असेल आणि लायनरची जाड कड त्या खाचेत अडकवलेली असेल तर तो बीड. जे-हुकच्या कडेला वळवलेला आकडा असतो, तो थेट भिंतीच्या माथ्यावर बसतो, खाच लागत नाही. युनिबीडमध्ये दोन्ही सोयी असतात. तो आकड्यासारखा टांगता येतो, किंवा वरचा आकडा काढून टाकून खालची कड खाचेत बसवता येते.

स्वस्त आणि सढळ म्हणजे ओव्हरलॅप. भिंत थोडी उंच-सखल असली तरी कापड वर-खाली करून भागवता येतं. पूलचा मध्य मुद्दाम खोल केला असेल तर बहुधा ताणला जाणारा ओव्हरलॅपच घ्यावा लागतो. बीडला भिंतीची उंची तंतोतंत जुळावी लागते, पण एकदा खाच बसवली की पुढच्या वेळी वरचे रेल (भिंतीच्या माथ्यावर झाकणासारख्या बसणाऱ्या पट्ट्या, म्हणजेच टॉप रेल) न उघडता लायनर बदलता येतो. पूल बरीच वर्षं ठेवायचा असेल तर माझं मत बीडच्या बाजूने.

माप कसं घ्यायचं?

पाण्याची खोली मोजू नका, भिंत मोजा. बुडाच्या ट्रॅकपासून (भिंतीची खालची कड ज्यात बसते ती खाच) माथ्यापर्यंतची उंची बाहेरून, तीन-चार ठिकाणी घ्या. ४८, ५२ आणि ५४ इंच या नेहमीच्या उंची. व्यास आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, निदान दोन आडव्या-उभ्या दिशांना मोजा. दोन आकड्यांत फरक आला तर पूल गोल राहिलेला नाही. मग नव्या लायनरची ऑर्डर देण्याआधी भिंत सरळ करायला हवी. लंबगोल पूलची सर्वांत जास्त लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी लागते.

लायनर मुद्दाम पूलपेक्षा किंचित लहान शिवलेला असतो, म्हणजे पाण्याच्या भाराने तो ताणून बसतो आणि सुरकुत्या राहत नाहीत. तेव्हा 'थोडा मोठा घेऊ, उरलं तर दुमडू' हा विचार इथे चालत नाही.

किती जाडीचा घ्यावा?

जाडी मिलमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) सांगितलेली असेल तर हिशेब सोपा आहे. २० मिल म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ३० मिल म्हणजे पाऊण मिलिमीटर. खोक्यावर 'गेज' लिहिलेलं असेल तर विक्रेत्याकडून मिलिमीटरमधला आकडा मागून घ्या, कारण गेज आणि मिल सगळे एकाच अर्थाने वापरत नाहीत. जाड लायनर टोचण्यापुढे थोडा जास्त टिकतो हे खरं, पण तो कमी ताणला जातो, थंडीत कडक होतो आणि कोपऱ्यात नीट बसत नाही. वाळू न चाळता जाड लायनर घेण्यापेक्षा साधा लायनर घेऊन वाळू चाळलेली बरी.

जुना लायनर काढताना भिंत पडते असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. पाणी असतं तोवर त्याच्याच दाबाने भिंत ताठ उभी असते. पाणी उपसलं की तो फक्त पातळ पत्रा उरतो आणि जोराच्या वाऱ्याची एक झुळूक त्याला आत मुडपू शकते. एकदा पडलेली घडी पत्र्यातून पूर्ण जात नाही.

म्हणून वारा असलेल्या दिवशी हे काम काढूच नका. सगळे टॉप रेल एकदम सोडू नका. एकाआड एक सोडा, आणि ओव्हरलॅप असेल तर जिथून रेल काढला तिथली प्लास्टिकची पट्टी काढून कापड सुटं केलं की रेल सैल स्क्रूवर परत ठेवा. बीड असेल तर रेल उघडावे लागत नाहीत, लायनरची कड खाचेतून ओढून निघते. जुना लायनर अखंड बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, तो ओला आणि फार जड असतो. आतून कटरने रुंद पट्ट्या कापा, गुंडाळ्या करा आणि एकेक बाहेर द्या. भिंतीजवळ कापताना पातं पत्र्याला लागू देऊ नका, कारण ओरखड्यावर गंज सुरू होतो.

प्लास्टिकच्या पट्ट्या फेकू नका. पिवळ्या पडून कडक झाल्या असतील तरच नव्या घ्या.

भिंतीला आतून गंज चढलाय. तरी लायनर टाकू का?

गंज किती खोल गेलाय त्यावर आहे. वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने घासून पॉलिश पेपर मारा, पुसून कोरडं करा, गंजरोधक प्रायमर आणि रंग द्या, आणि पूर्ण वाळू द्या. रंग ओला असताना लायनर टेकला तर तो तिथे चिकटतो आणि डागतो.

बोट घातलं तर आरपार जाईल असं भोक असेल तर त्यावर आतून पातळ पत्रा बसवून कडा चिकटपट्टीने झाका. पण गंज भिंतीच्या बुडाशी, ट्रॅकच्या आसपास पसरला असेल, किंवा जिथे पत्र्याची दोन टोकं बोल्टने जोडली आहेत तिथे असेल, तर लायनरचे पैसे वाचवा. पाण्याचा दाब सर्वांत जास्त बुडाशीच असतो. तिथे भिंत उसवली तर सगळं पाणी काही सेकंदांत बाहेर पडतं आणि वाटेत उभ्या माणसाला आडवं करतं. हा एकच प्रसंग असा आहे जिथे मी डागडुजी सुचवणार नाही.

भिंत ठीक असली तरी बोल्टच्या जोडावर आतून डक्ट टेपचे दोन-तीन थर लावाच. बोल्टची डोकी लायनरला घासतात.

तळाला वाळू बरी की फोम?

दोन्ही चालतं, मिश्रणही चालतं. वाळूचा साधारण पाच सेंटिमीटर थर, बारीक चाळणीतून काढलेला, किंचित ओला करून धुमसाने दाबलेला आणि सरळ फळीने सपाट केलेला. वाळूचा फायदा असा की ती हवी तशी लावता येते. तोटा असा की तुम्ही वाळूवर टाकलेलं प्रत्येक पाऊल पाण्याखाली वर्षानुवर्षं दिसत राहतं. फोमच्या पट्ट्यांवर पावलं उमटत नाहीत आणि तळाला पायाला मऊ लागतं, पण खालची जमीन आधीच सपाट हवी. फोम खड्डा लपवत नाही. जाड जिओटेक्सटाइल (जमिनीत वापरायचं, न कुजणारं कृत्रिम धाग्यांचं) कापड वाळूवर अंथरलं तर टोचण्यापासून चांगलं संरक्षण मिळतं. जुना गालिचा मात्र टाकू नका, तो कुजतो. डांबर किंवा डांबरी कागदही लायनरखाली नको, कारण तेलकट पदार्थ विनाइल खराब करतात.

हात फिरवून तळ तपासा. डोळ्यांना न दिसणारा खडा तळहाताला लागतो. ही तपासणी कंटाळवाणी आहे आणि नेमकी तीच टाळली जाते.

आणि एक शत्रू बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: लव्हाळा, ज्याला काही ठिकाणी नागरमोथा म्हणतात. त्याचा टोकदार कोंब वाळूतून आणि पुढे विनाइलमधूनही वर येतो. तळाला मधोमध बारीक भोकं दिसली आणि खाली खडा सापडला नाही तर संशय यावर घ्या. लायनर टाकण्याआधी त्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात, नुसती पानं कापून काही होत नाही. मुंग्यांची बिळं दिसली तर तीही आधीच हाताळा.

जमिनीची पातळीही याच वेळी तपासा. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली लेव्हल यासाठी पुरेशी आहे. पूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच सेंटिमीटरहून जास्त फरक नको. असेल तर उंच बाजूची माती खणून काढा, सखल बाजूला भर टाकू नका. भर कालांतराने बसते.

कोव्ह म्हणजे काय, आणि ती लागतेच का?

भिंत आणि तळ यांच्या कोपऱ्यात आतून फिरवलेला तिरका उतार म्हणजे कोव्ह. लागतेच. ती नसेल तर काटकोनात लायनरला आधार नसतो, शिवाय पाण्याच्या दाबाने कापड बुडाच्या ट्रॅकखालून बाहेर सरकू पाहतं. वाळूची कोव्ह करायची तर साधारण पंधरा सेंटिमीटर उंच आणि तेवढीच रुंद, ओली करून घट्ट दाबलेली हवी. चिकटवायच्या तयार फोमच्या पट्ट्याही मिळतात. पाणी पाझरलं किंवा उंदीर-घुशींनी उकरलं की वाळूची कोव्ह वाहून जाते, फोमची जात नाही. म्हणून शक्य असेल तर फोमच.

कोणता दिवस निवडावा? लायनर उन्हात तापवायचा का?

वारा नसलेला, निरभ्र, २० ते ३० अंशांचा दिवस. त्याहून थंड असेल तर विनाइल कडक राहतं आणि ताणलं जात नाही. फार कडक ऊन असेल तर ते गरजेपेक्षा जास्त ताणतं, मग पाणी भरल्यावर ढिलं पडून सुरकुत्या येतात. त्या हवामानात सकाळी लवकर सुरू करा.

लायनर खोक्यातून काढून स्वच्छ जागी पसरून थोडा वेळ उन्हात ठेवला की घड्या मोकळ्या होतात. हिरवळीवर पसरलात तर फार वेळ ठेवू नका, खालचं गवत भाजून निघतं. खोकं उघडताना चाकू खोलवर जाऊ देऊ नका. आणि पूर्ण पसरल्याखेरीज, शिवण व रंग नीट पाहिल्याखेरीज पूलमध्ये नेऊ नका. कापलेला किंवा पाणी लागलेला लायनर विक्रेता परत घेईल अशी अपेक्षा ठेवू नका. लायनरवरची अनुक्रमांकाची चिठ्ठी जपून ठेवा, वॉरंटीसाठी लागते.

प्रत्यक्ष बसवायचा क्रम काय?

चार माणसं असली तर उत्तम, दोघांनी जमतं पण दमछाक होते. सगळ्यांनी बूट, घड्याळं, अंगठ्या काढा. आत फक्त अनवाणी किंवा मोज्यांत जा.

लायनर उचलून आत न्या, ओढत नेऊ नका. मधोमध उलगडत जा. तळाचं आणि बाजूचं कापड जिथे जोडलेलं असतं ती गोल शिवण तुमची मार्गदर्शक आहे. ती सगळीकडे भिंतीपासून सारख्या अंतरावर, कोव्हच्या पायाशी यायला हवी. एका बाजूला ती भिंतीवर चढली आणि समोर आत राहिली, तर लायनर सरकलाय. पाणी यायच्या आत तो नीट करा, नंतर तो हलणार नाही.

मग बाजूचं कापड वर घ्या. ओव्हरलॅप असेल तर भिंतीवरून बाहेर टाकून दर अर्ध्या मीटरवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरा. एका बाजूने सलग फिरत जाण्यापेक्षा समोरासमोरच्या चार बिंदूंवर आधी धरलं की ताण सारखा वाटला जातो. समाधान झालं की चिमटे काढत प्लास्टिकच्या पट्ट्या बसवा आणि रेल परत लावा. बीड असेल तर कड खाचेत बोटांनी दाबत गोल फिरा. शेवटचा तुकडा जड जात असेल तर त्या कडेवर गरम पाणी ओता, कड मऊ होते. खाचेतून वारंवार निसटत असेल तर लायनर लॉकच्या पट्ट्या मिळतात, त्या मागून कोंबायच्या.

सुरकुत्या कशा घालवायच्या?

यासाठी व्हॅक्यूम क्लीनर लागतो: दणकट, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा. स्किमरचं (पाणी पंपाकडे ओढून घेणारं) आणि रिटर्नचं (गाळलेलं पाणी परत सोडणारं) भिंतीतलं भोक बाहेरून डक्ट टेपने बंद करा. व्हॅक्यूमची नळी स्किमरच्या भोकातून लायनर आणि भिंत यांच्यामध्ये, तळापासून थोडी वर राहील इतकी खाली सोडा आणि नळीभोवतीही टेप लावा. चालू केलं की मधली हवा निघते आणि लायनर भिंतीला व तळाला चिकटतो. आता कुठे काय चुकलंय ते स्पष्ट दिसतं. चुकलं असेल तर व्हॅक्यूम बंद करा, सरकवा, परत चालू करा. हे कितीही वेळा करता येतं, आणि पाणी सोडल्यावर एकदाही करता येत नाही.

चिकटला की पाणी सोडा, व्हॅक्यूम चालूच ठेवा. दोन-तीन सेंटिमीटर पाणी झाल्यावर राहिलेल्या बारीक सुरकुत्या मध्यापासून भिंतीकडे पायांनी किंवा मऊ झाडूने ढकला. तळावर पंधरा-वीस सेंटिमीटर पाणी चढलं की व्हॅक्यूम बंद करून नळी काढा. इथे पाणी आणि वीज शेजारी आहेत: मशीन पूलबाहेर कोरड्या जागी, आणि प्लग आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीतच.

गुडघाभर पाण्याखालच्या सुरकुत्यांसाठी बेसिन तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप कधी कधी कामी येतो. मोठ्या सुरकुत्यांवर तो चालत नाही.

स्किमर आणि रिटर्नची भोकं आधीच कापून ठेवली तर?

नको. पाणी चढताना लायनर अजून ताणला जातो, आधी कापलेलं भोक जागेवरून सरकतं. पाणी भोकाच्या पाच-दहा सेंटिमीटर खाली येईपर्यंत थांबा. रिटर्न सहसा खाली असतो, म्हणजे आधी तो, मग स्किमर.

लोक आधी चौकोन कापतात आणि मग फेसप्लेट (भोकाभोवती आतून स्क्रूने बसणारी चौकट) लावायला जातात. उलट करा. लायनरवरून बोट फिरवून मागच्या स्क्रूचं भोक शोधा, तिथे बारीक टोचा आणि पहिला स्क्रू लावा. दुसरा तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. मग बाकीचे. गॅस्केट (पाणी न झिरपण्यासाठीची रबरी चकती) लायनरच्या दोन्ही बाजूंना हवं, एक पत्र्याकडे, एक फेसप्लेटखाली. जुनी गॅस्केट परत वापरू नका. स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरनेच, सगळे थोडे थोडे आवळत. ड्रिल मशीनने प्लास्टिकचे आटे जातात. सगळं घट्ट झाल्यावर फेसप्लेटच्या आतल्या कडेने कापड कापा. या क्रमाने केलं तर कापलेली कड कायम दाबाखाली राहते.

पाणी भरताना मध्येच थांबलं तर चालेल?

फिटिंग बसवण्यापुरतं चालेल. तळ झाकला जाईपर्यंत मात्र थांबू नका, आणि अर्धवट पूल तसाच सोडून निघून जाऊ नका. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तर क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी होतं आणि नव्या लायनरवर डाग पडतात. असं पाणी आधी तपासून घ्या.

पहिल्या आठवड्यात केमिकल कसं टाकायचं?

पीएच ७.२ ते ७.६, मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), एकूण क्षारता ८० ते १२० पीपीएम. यातला पीएच लायनरसाठी सर्वांत महत्त्वाचा: तो बराच काळ खाली राहिला तर विनाइल फुगतं आणि आधी नसलेल्या सुरकुत्या उगवतात. क्लोरीनच्या गोळ्या थेट पूलमध्ये टाकू नका, गोळी तळावर जिथे बसते तिथला रंग उडतो. तरंगता डबा वापरा. पावडर असेल तर बादलीभर पाण्यात ती घाला, पावडरवर पाणी ओतू नका. विरघळली की पंप चालू असताना कडेने फिरवून सोडा.

पाणी कमी होतंय. गळती की बाष्पीभवन?

बादलीत पूलचं पाणी भरून ती पूलच्या पायरीवर ठेवा, आत-बाहेर पातळीच्या खुणा करा आणि पंप बंद ठेवून एक दिवसाने बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन-वारा. पूलमध्ये जास्त उतरलं तर गळती. आधी फेसप्लेटभोवती शोधा: थोडा खाण्याचा रंग पाण्यात सोडला की तो फटीकडे ओढला जातो. पाणी ठरावीक पातळीवर येऊन थांबत असेल तर भोक त्याच उंचीवर आहे. छोट्या भोकाला पाण्याखाली चिकटणारं विनाइलचं ठिगळ लावा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे उचलले जातात.

स्वच्छतेसाठी दरवर्षी पूल रिकामा करू का?

करू नका. काही वर्षं झालेला लायनर कोरडा पडला की आकसतो, आणि परत भरताना कोपऱ्यात किंवा शिवणीवर फाटतो. शिवाय रिकामी भिंत आणि वारा यांचं वर सांगितलंच आहे. पाणी बिघडलं तर त्याच्यावर उपचार करा, फार तर थोडं थोडं बदला.

किती वर्षं टिकतो?

नीट बसवला आणि पाणी सांभाळलं तर साधारण सहा ते दहा वर्षं. उन्हाने पाण्याच्या वरची पट्टी आधी कडक होते, म्हणून पातळी स्किमरच्या मध्यावर ठेवा.

गडद रंग घ्यावा का?

दिसायला छान, घाणही लपते. पण लहान मुलं उतरणार असतील तर फिकटच घ्या, म्हणजे तळाशी कुणी असेल तर लगेच दिसेल. आणि रंग कोणताही असो, एवढ्या खोलीत सूर मारायचा नाही. पूलला तशी सूचना ठळक लावा.

ओव्हरलॅपचं बाहेर लोंबणारं कापड कापून टाकू का?

पूल पूर्ण भरल्यावर आठवडाभर थांबा. कुठे ताण जास्त वाटला तर तिथली पट्टी सैल करून थोडं कापड आत सोडता येतं. त्यानंतर कापायचं तर पट्टीखाली आठ-दहा सेंटिमीटर राखून कापा. नाहीतर वर गुंडाळून रेलखाली कोंबा, तेही चालतं. कापलेले तुकडे ठेवून द्या, ठिगळाला त्याच रंगाचं कापड मिळतं.